वारा कुणी तोडला? कायोटी पॉइंटवरच्या एका विंडसर्फिंग धडकेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को बेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या जवळच, सॅन मटेओमध्ये कायोटी पॉइंट नावाचं काउंटी पार्क आहे. निलगिरीची उंच झाडं, छोटा बीच, डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी उतरणारं विमान. उन्हाळ्यात दुपारी आतली सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर जाते आणि पॅसिफिकवरची गार हवा ती जागा भरायला आत ओढली जाते. किनाऱ्याच्या डोंगररांगेत सॅन ब्रूनोपाशी खिंड पडलीय, तिथून ती हवा जोरात बाहेर पडते आणि थेट या पाण्यावर येते. ऑफिस सुटायच्या वेळेला वारा ऐन भरात असतो, त्यामुळे सनीवेल-फ्रीमाँटकडची आयटीवाली मंडळी लॅपटॉप मिटून सरळ पाण्यात, असं इथे सर्रास चालतं.

आमचा सहा-सात मराठी लोकांचा विंडसर्फिंगवाला (म्हणजे फळीवर उभं राहून तिला लावलेल्या सेलने, शिडाने, वाऱ्यावर पळणारा) ग्रुप त्यातलाच. कुणी इथे येऊन शिकलं, कुणी गोव्यात सुट्टीत दोन दिवसांचा कोर्स करून नाद लावून घेतला. या प्रकरणात चौघं आहेत. काका, वयाने मोठे, तरुणपणी भरपूर रेसिंग केलेले. नागपूरकर, ताकदवान, थोडा घाईचा. ताई, आमच्यात टेक्निक सगळ्यात साफ तिची. आणि कोल्हापूरकर, ज्याने साधा बोर्ड सोडून फॉइल (पाण्याखालच्या पंखांवर वर उचलला जाणारा बोर्ड) घेतलंय. चौघांनी हे वाचून हो म्हटलंय, ओळख पटू नये म्हणून गावं एक-दोन ठिकाणी बदललीत. मी स्वतः त्या दिवशी मीटिंगमध्ये अडकलेले, त्यामुळे खाली जे आहे ते दोन गोप्रोंचं फुटेज पुन्हापुन्हा बघून आणि चौघांशी वेगवेगळं बोलून लिहिलंय. वेगवेगळं मुद्दाम, कारण एकत्र बसवलं की काका बोलतात आणि बाकीचे माना डोलवतात.

दिंडी म्हणजे काय

विंडसर्फिंग तसा एकट्याचा खेळ. पण जवळजवळ राहून, एका ओळीत, एकाच रेषेवर सुसाट जाण्यात जी मजा आहे ती एकट्याने कितीही वेगात गेलात तरी येत नाही. शेजारच्याच्या बोर्डचा सपसप आवाज ऐकू येतो, त्याचं तोंड दिसतं, ओरडून एकमेकांना शिव्या देता येतात. फ्रान्समध्ये ग्रुइसाँला डेफी विंड म्हणून इव्हेंट होतो, त्यात हजाराच्या वर लोक एकदम सुटतात, ते व्हिडिओ आमच्या व्हॉट्सॲपवर कायम फिरत असतात. त्यातूनच आमच्याकडे हे सुरू झालं आणि कुणीतरी त्याला दिंडी म्हणायला लागलं. पोटरीइतक्या पाण्यातून बोर्डवर चढायचं, किनाऱ्यालगत वारा कमी असतो तिथून रखडत बाहेर यायचं, वारा लागला की हार्नेस (कमरेचा हुकवाला पट्टा, सेलला अडकतो) अडकवायचा, पाय स्ट्रॅपमध्ये, आणि मग दोन-दोन तीन-तीन मीटरवर ओळ धरून पार आतपर्यंत जायचं. तिकडे जाईब मारून (वाऱ्याच्या दिशेने वळून) परत.

नियम म्हणाल तर एकच होता, "अंगावर येऊ नका".

आता इथे एक आकडा डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं कळेल. प्लेनिंगमध्ये (बोर्ड पाण्यावर घसरत सुसाट जातो तेव्हा) 20 नॉट स्पीड अगदी नॉर्मल आहे, म्हणजे ताशी 37 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. ब्रेक नाही. आणि मास्ट, म्हणजे सेलचा खांब, चार-सव्वाचार मीटरचा, तो पडताना कुठल्या बाजूला पडेल ते त्याच्या मर्जीवर.

त्या संध्याकाळी

जुलै, मधला वार. वारा 20 नॉटचा, झोत 25 पर्यंत. ओहोटी सुरू झालेली. कायोटीला ओहोटीचं पाणी गोल्डन गेटच्या दिशेला म्हणजे साधारण वाऱ्याच्या विरुद्ध ओढतं, त्यामुळे पाणी उभं राहतं आणि लाटा छोट्या पण तीक्ष्ण होतात, गुडघ्यांची वाट लागते. ताई चार पॉइंट सात चौरस मीटरचा सेल आणि लहान बोर्ड घेऊन उतरली, काका आणि नागपूरकर साडेपाचच्या आसपास, कोल्हापूरकर फॉइलवर.

पहिल्या काही फेऱ्या सुटंसुटं खेळले. मग काकांनी हात वर केला, म्हणजे दिंडी.

बाहेर जाताना वारा डाव्या अंगाने येतो. वाऱ्याच्या बाजूने मोजायचं तर सगळ्यात वर काका, त्यांच्याखाली नागपूरकर, मग ताई, आणि सगळ्यात खाली कोल्हापूरकर. (वर-खाली म्हणजे उंची नाही, वारा जिथून येतो ते वर. पाण्यात आम्ही असंच बोलतो.) सुरुवातीला ओळ बऱ्यापैकी सरळ होती. नागपूरकर जरा मागे पडलेला, ताईच्या मागे पाचेक मीटर आणि तिच्या रेषेपेक्षा तीन मीटर वर.

मग झोत आला. झोत नेहमी वरच्या माणसाला आधी लागतो, तो काकांना लागला. काका जरा खाली बसले, सेल ओढून घेतला आणि सटकले. दोन सेकंदांत ते ताईच्या पुढे सहा मीटर होते, आणि तिच्यापासून वरच्या अंगाला साधारण तेवढेच.

नागपूरकरच्या बूमवरच्या (सेल धरायच्या आडव्या दांड्यावरच्या) कॅमेऱ्यात पुढचं सगळं आलंय. ताई हार्नेसमध्ये मस्त मागे रेललेली, पाठ पाण्यापासून हातभर. तिच्या सेलची मागची कड आधी थरथरली, मग अख्खा सेल एकदम ढिला, मोनोफिल्मला (सेलच्या पारदर्शक प्लास्टिकला) सुरकुती पडलेली दिसते, जसं कुणी पंख्याचं बटण बंद केलं. वजन पेलायला सेलमध्ये काही उरलंच नाही. ती मागे, म्हणजे वरच्या बाजूला, पाठीवर पडली आणि रिग, म्हणजे मास्ट-सेल-बूम सगळं, तिच्या अंगावर. बोर्ड जागच्या जागी थांबला.

आणि जागच्या जागी थांबलेल्या त्या सगळ्या पसाऱ्यावर नागपूरकर फुल स्पीडमध्ये. त्याने बूम सोडला, स्वतःला मागे फेकलं, तो पाण्यात पडला पण त्याचा बोर्ड पुढे गेलाच. नाक ताईच्या मास्टवर आदळलं, मास्ट फुटला, बोर्ड त्याच्यावर चढून पालथा झाला आणि त्याच्या तळाची फिन (पात्यासारखी उभी पट्टी) ताईच्या डाव्या पोटरीवरून गेली. सेल मेल्यापासून इथपर्यंत एक सेकंद, फार तर थोडं जास्त. हेल्मेट होतं तिच्या डोक्यात, हे आधीच सांगते, कारण हा भाग ऐकताना लोक तेच पहिलं विचारतात.

कोल्हापूरकर खाली आपल्या नादात. काका पुढे, त्यांना तर काहीच माहिती नाही. जाईब मारून वळले तेव्हा दिसलं की मागे दोन सेल पाण्यात आडवे.

समस्या नेमकी काय होती

पहिल्याच रात्री ग्रुपवर निष्कर्ष तयार होता: फार जवळ होतो, अंतर वाढवू. एका वाक्यात मिटलं. मला हे पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

बघा, ताई पडली कशामुळे? ती चुकली नाही, लाट नाही, गिअर तुटला नाही. काकांच्या सेलने तिचा वारा खाल्ला. आता आपल्याला वाटतं की वारा वायव्येकडून आहे म्हणजे सेलची सावली सरळ आडवी पडणार, म्हणजे बरोब्बर शेजारी असलेल्या माणसाचा सेल मरणार. पण तसं होत नाही. तुम्ही स्वतः 20 नॉटने पळताय आणि वाराही 20 नॉट आहे, तर दोन्ही मिळून तुम्हाला जाणवणारा वारा तिरका होतो, समोरून 45 अंशांतून येतो. म्हणजे तुमच्या सेलची सावलीही तिरकी, खाली आणि मागे. तुमच्या सरळ शेजारी, खालच्या बाजूला असलेल्या माणसाला वारा नीट मिळतो. तुमच्यापेक्षा सहा मीटर खाली आणि सहा मीटर मागे जो आहे, तो गेला. काका सहा वर, सहा पुढे. ताई अगदी त्या रेघेवर.

नागपूरकर काकांच्या जास्त जवळच्या रेषेवर होता तरी त्याला काहीच झालं नाही, कारण तो काकांच्या बराच मागे होता, सावली त्याच्या पुढून निघून गेली. म्हणूनच त्याचा स्पीड टिकला आणि ताईचा शून्य झाला. सगळ्या घटनेतला सगळ्यात वाईट योग हाच.

आता अंतर दुप्पट करा. काका बारा मीटर वर आणि बारा मीटर पुढे. सावली तिथेही पोचते, थोडी विरळ होऊन, पण हार्नेसमध्ये रेललेल्या माणसाला पाडायला तेवढी पुरते. मग नुसत्या अंतराने काय सुटलं? ताई पडायची ती पडलीच असती, फक्त नागपूरकरला जरा जास्त वेळ मिळाला असता, तोही अंतर नेमकं त्या दोघांमधलं वाढलं असतं तर.

दुसरी गोष्ट दिसण्याची. पाण्यावरचा नियम सोपा आहे: दोघांना वारा वेगवेगळ्या बाजूने असेल तर डाव्या बाजूने वारा घेणारा बाजूला होतो, दोघांना एकाच बाजूने असेल तर वरचा माणूस खालच्यापासून लांब राहतो, आणि मागून ओलांडणाऱ्याने तर काहीही असलं तरी लांबच राहायचं. बे एरियात आतल्या पाण्याचे अमेरिकन नियम लागतात, पण हा भाग समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांसारखाच आहे. म्हणजे जबाबदारी वरच्या माणसाची. पण विंडसर्फरवर तुम्ही उभे असता सेलच्या वरच्या बाजूला, आणि सेल असतो तुमच्या आणि खालच्या माणसाच्या मध्ये! ज्याने सांभाळायचं त्यालाच दिसत नाही. दिसतं ते सेलच्या पारदर्शक खिडकीतून, आणि नागपूरकरचा सेल जुना, उन्हाने मोनोफिल्म धुरकट झालेली, वर मिठाचे डाग. फुटेज त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरचं नाही, पण तो म्हणतो, "मले ताईचं हेल्मेट दिसत होतं, सेल कसा आहे ते काहीच समजून नव्हतं राहिलं."

तिसरी गोष्ट मी काकांसमोर बोलायला कचरत होते. रेसमध्ये दुसऱ्याच्या वरून जाऊन त्याचा वारा तोडणं हा गुन्हा नाही, तो डाव आहे, आणि चांगला डाव आहे. काकांच्या अंगात तो मुरलाय. झोत आला की वरून निघून जायचं, हे त्यांनी ठरवून केलं नाही, हाताने केलं. त्यांनी कुणाला धडक दिली नाही, अंतरही ठेवलं, नियमाच्या पुस्तकात त्यांच्या नावावर काही लागत नाही. पण मजेसाठी चाललेल्या ओळीत रेसचा हात आला की हे होणार.

पाण्यात घेतलेले निर्णय

किनारा एक किलोमीटरच्या आसपास लांब. ताई शुद्धीवर, बोलतेय, पोटरीतून रक्त. पाणी गार असतं इथलं, उन्हाळ्यातही जाडा वेटसूट लागतो, त्यामुळे रक्त किती जातंय हे धड कळत नाही आणि दुखणंही नंतर सुरू होतं. नागपूरकरने अंगावरचा रॅशगार्ड काढून वेटसूटवरूनच पोटरीला आवळून बांधला. हे त्याने फार पटकन केलं, त्याचं श्रेय त्याला.

कोल्हापूरकर जवळ आला आणि लांबच थांबला, कारण पाण्याखाली त्याच्या फॉइलचे पंख आहेत, धारदार, आणि पाण्यात पडलेल्या माणसाजवळ ते नेणं म्हणजे दुसरी जखम. तो ओरडला, "मी म्होरं जाऊन गाडी आणि औषधाची पेटी काढतो", आणि किनाऱ्याकडे सुटला. बरोबर निर्णय. सगळ्यात वेगात तोच जाऊ शकत होता आणि तिथे त्याचा काही उपयोगही नव्हता.

मग काका पोचले. त्यांच्या हार्नेसला वॉटरप्रूफ पाकिटात फोन होता. इथे सगळ्यात महत्त्वाचा फाटा होता आणि तो अर्ध्या मिनिटात ओलांडला गेला. काका म्हणाले, "फोन लावू का गं?" ताई म्हणाली, "नको काका, मी ठीक आहे, उगाच बोट-बिट येईल, हजारो डॉलरचं बिल लावतील." आणि नागपूरकरही म्हणाला की आपण करू मॅनेज.

आता हे बिलाचं. अमेरिकेत आल्यापासून आपल्या मनात ॲम्ब्युलन्सच्या बिलाची जी धास्ती बसते ना, ती पाण्यातही सोबत येते. पण कोस्ट गार्ड पाण्यातून माणूस वाचवायचे पैसे घेत नाही. ॲम्ब्युलन्सचं वेगळं. चौघांपैकी एकालाही हे माहिती नव्हतं, आणि जी व्यक्ती नुकतीच आदळलीय, थरथरतेय, तिलाच विचारून हा निर्णय झाला.

पुढचं: रिग बोर्डपासून वेगळी करायची. मास्टच्या पायाची पिन मिठाने जाम, दोन-तीन लोकांच्या बोटांनी निघेना, शेवटी काकांनी हार्नेसच्या हुकाने दाबून काढली. तेवढ्यात ओहोटीने हे सगळे विमानतळाच्या दिशेला सरकत होते, आणि तिकडे धावपट्टीच्या कडेच्या पाण्यात सिक्युरिटी झोन आहे, तिथे शिरलं की वेगळाच तमाशा. रिग सोडून दिली. ताई बोर्डवर पालथी झोपली, तिच्या बोर्डला दोरी बांधून काकांनी ओढायला सुरुवात केली. सेलबोर्डने दुसरा बोर्ड ओढणं ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं नसतं. प्लेनिंग होत नाही, बोर्ड बुडल्यासारखा चालतो, झोत आला की दोरी झटका देते. पाऊण तास लागला. नागपूरकर तडकलेल्या नाकाचा बोर्ड घेऊन मागून, हळूहळू.

एक गोष्ट मात्र काकांना घरी जाताना आठवली आणि ती फार मोलाची निघाली. त्यांनी कोस्ट गार्डला फोन करून सांगितलं की एक सेल पाण्यात तरंगत असेल, त्याच्यासोबत माणूस नाही, सगळे सुखरूप आहेत. नाहीतर कुणाला तो सेल दिसला असता तर त्याच्या मालकाला शोधायला बोटी निघाल्या असत्या.

अर्जंट केअरमध्ये सात टाके. हाडाला काही नाही. तिथलं बिल बघून जखमेपेक्षा जास्त कळ आली, असं ताईच सांगते.

पैशाचं काय

हा भाग कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. ताईचा कार्बन मास्ट गेला, सेल, बूम ओहोटीत गेले, नागपूरकरचा बोर्ड तडकला, वर दवाखाना. नागपूरकर दुसऱ्याच दिवशी ताईला म्हणाला की सगळं मी देतो. ताई म्हणाली एक पैसा नको. काका काहीच बोलले नाहीत, आणि ते काही न बोलणं सगळ्यांना टोचलं.

नियमाने बघितलं तर वरचा आणि मागचा नागपूरकर, म्हणजे चूक त्याची. कारणाने बघितलं तर काकांचा सेल. आणि दिंडी काढायची ठरवली ती चौघांनी. तीन आठवडे यावर कुजबुज चालली, दोन वेगळे ग्रुप झाले व्हॉट्सॲपवर, एकात काका नाहीत आणि एकात नागपूरकर नाही. शेवटी कोल्हापूरकर सरळ म्हणाला, "दिंडीत पडल्यालं दिंडीनं भरायचं." चौघांनी सामानाचे समान वाटे केले, दवाखाना ताईच्या इन्शुरन्सवर आणि उरलेला तिचा. काकांनी स्वतःचा जुना पण चांगला मास्ट आणून ताईच्या गॅरेजमध्ये ठेवला, काही न बोलता. यावरून कुणी काही विचारलं नाही.

कोणते पर्याय समोर होते

ताईच्या पोटरीचे टाके निघाल्यावर सगळे माझ्या घरी बसलो, पोहे, चहा, आणि टीव्हीवर फुटेज. चार सूचना आल्या.

पहिली, दिंडी बंद. ही ताईच्या नवऱ्याची होती आणि तिला उत्तर देणं अवघड होतं. पण ताईनेच ती फेटाळली, म्हणाली बंद केलीत तर तुम्ही काढणारच, फक्त मला न सांगता.

दुसरी, अंतर वाढवा. वर लिहिलंय तसं, अर्धं औषध. पण त्यातला एक भाग घेतला: बाजूचं अंतर मास्टच्या लांबीपेक्षा कमी कधीच नको, म्हणजे पडणारा मास्ट शेजाऱ्याच्या रस्त्यात येणार नाही. तीन मीटर हे मुळात चुकीचंच होतं.

तिसरी, एकामागे एक जायचं. सुरक्षित वाटतं पण पुढचा पडला की मागचा थेट त्याच्यावर, आणि मजाही गेली. कुणाला नको होतं.

चौथी कोल्हापूरकरने टीव्हीच्या पडद्यावर बोट ठेवून काढली. ओळ तिरकी करायची. सगळ्यात खालचा माणूस सगळ्यात पुढे, आणि जसजसं वर जाल तसतसं मागे. मग वरच्याची सावली खाली आणि मागे पडते, तिथे कुणीच नसतं. वरच्या माणसाला पुढच्याच्या सेलवरून वळून आलेला वारा जरा नाकावर लागतो, पण सेल मरत नाही. आणि जबाबदारी वरच्याची, तर तोच मागे असल्याने त्याला समोरचं दिसतं. काकांनी पाच मिनिटं यात खोट शोधली. सापडली नाही, तेव्हा म्हणाले की हे तर मी आधीपासून सांगत होतो. चालायचंच!

काय केलं

तिरकी दिंडी ठरली, आणि त्यावर मोजक्या गोष्टी. पुढचा माणूस तुम्हाला मास्टच्या पुढून दिसला पाहिजे, खिडकीतून नाही. खिडकीतून दिसत असेल तर तुम्ही फार पुढे आलात, सेल सोडा, मागे व्हा. बाजूला पाच-सहा मीटर असेल तर मागे त्याच्या दुप्पट, म्हणजे हे आपोआप साधतं. झोत आला आणि वरचा पुढे सटकायला लागला तर त्याने ओळ सोडून आणखी वर, लांब निघून जायचं, खालच्याच्या लगत पुढे नाही. हे खास काकांसाठी, पण लिहिताना सगळ्यांसाठी लिहिलं.

जाईबचा क्रम यातली सगळ्यात सुंदर गोष्ट निघाली. आधी सगळ्यात खालचा-पुढचा वळतो, मग एकेक वरचा. सगळ्यात वरचा आधी वळला तर तो सरळ बाकीच्यांच्या रस्त्यात येतो. पण खालचा आधी वळला तर तो खालीच फिरतो, बाकीचे थोडं पुढे जाऊन वळतात, आणि परतीच्या वाटेवर बघा, तोच पुन्हा खाली, तोच पुन्हा पुढे. काही न करता ओळ तशीच तिरकी. हे पहिल्यांदा पाण्यात जमलं तेव्हा नागपूरकर इतका ओरडला की शेजारचा एक अनोळखी माणूस मदत हवीय समजून जवळ आला.

फॉइलवाला ओळीत नाही. त्याचा स्पीड वेगळा, कोन वेगळा, आणि पडला तर पंख. कोल्हापूरकर रुसला, कल्पना त्याची आणि बाहेर तोच. मग तो कधीकधी जुना बोर्ड काढतो. झोत 25 च्या वर गेले की दिंडी नाही, ओहोटीत उभं पाणी असेल तर त्याआधीच नाही. नागपूरकरने नवा सेल घेतला.

फोनबद्दल: कमीत कमी दोघांकडे हवा, आणि जखमीला विचारायचं नाही. रक्त दिसलं किंवा गिअर तुटून किनारा लांब असेल तर फोन लावायचा, मग बोलत बसा. बोर्ड आणि बूमवर नाव-नंबर मार्करने लिहिलाय सगळ्यांनी. आणि मास्टच्या पायाची पिन प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवायची, जे मुळात सगळ्यांना माहिती असतं आणि कुणी करत नाही.

निकाल

ताई दीड महिन्याने उतरली. उरलेला सीझन आणि पुढचा पूर्ण, तिरकी ओळ टिकली. लोक पडलेत, बऱ्याचदा, पण मागचा वरच्या बाजूने निघून गेला, धडक झाली नाही. एकदा कोल्हापूरकर अगदी पुढे असताना हवेत उडून पुढे आपटला आणि तिघं त्याच्या वरच्या बाजूने ओळीने निघून गेले, त्यातल्या प्रत्येकाने जाताजाता त्याला काहीतरी ऐकवलं.

मजा कमी झाली का? नागपूरकर म्हणतो थोडी. खांद्याला खांदा लावून जाण्याचं जे होतं ते यात नाही. ताई म्हणते उलट जास्त, कारण आता मागे कोण आहे याची चिंता नाही.

वेगळं काय करता आलं असतं

धडकेच्या त्या एका सेकंदात नागपूरकर वेगळं काही करू शकला असता असं मला वाटत नाही. काका म्हणतात त्याने वर वळायला हवं होतं. फुटेज हळू करून बघा, ताईचा मास्ट वरच्याच बाजूला पडतोय, वर वळला असता तर कदाचित मास्ट चुकला असता, कदाचित नाही. यावर दोघांचं अजून जमत नाही, आणि काकांचं अजूनही म्हणणं आहे की खरा दोष त्या धुरकट खिडकीचा.

बदलता आलं असतं ते त्याआधीचं. वारा चढतोय, ओहोटी लागलीय, चौघांचं गिअर चार प्रकारचं, तेव्हा हात वर करण्याआधी कुणीतरी "आज नको" म्हणायला हवं होतं. ताईला तसं वाटलं होतं, ती नंतर म्हणाली. पण काकांनी हात वर केल्यावर नाही कोण म्हणणार? म्हणून आता दिंडी काका सोडून दुसरं कुणीतरी सुरू करतं. हे काकांनीच सुचवलं, त्याचं मला खरंच आश्चर्य वाटलं.

आणि फोन. पाऊण तास ओढत आणलं ते निभावलं, कारण जखम तेवढीच होती. शीर कापली असती तर पाऊण तास फार होता.

सध्याचा वाद वेगळाच आहे. तिरक्या ओळीत सगळ्यात पुढच्याला मागचं काही दिसत नाही, पण बाकी सगळ्यांच्या कॅमेऱ्यात तोच येतो, सगळे चांगले फोटो त्याचे. त्यामुळे पुढे राहायला आता रांग लागते आणि नंबर कुणाचा हे किनाऱ्यावर सेल बांधतानाच भांडून ठरतं.